अध्यक्ष मॅडम, शाल बाजूला ठेवा आणि कायदा वाचा

अध्यक्ष मॅडम,

पत्राच्या माथ्यावर 'आदरणीय' लिहिण्याची रीत आहे. ती मी मोडते आहे. तुमच्या वयाचा आणि सेवेतल्या वर्षांचा मान मी ठेवते, समोर भेटलात तर वाकून नमस्कारही करीन. पण हे पत्र तुम्ही बसलेल्या खुर्चीला आहे. त्या खुर्चीने मनोविकार वॉर्डातल्या परिचारिकांचं जे नुकसान केलं, त्याचा जाब मागताना तो शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही.

तुमचं नाव इथे नाही, संघटनेचंही नाही. तुम्ही स्वतःला ओळखाल. तुमच्यासारख्या इतर जिल्ह्यांतही आहेत. त्यांनीही हे पत्र आपल्याच पत्त्यावर आलंय असं समजावं.

आरोप एका वाक्यात सांगते. कायदे लिहिले जात होते तेव्हा तुम्ही सत्कार घेत होतात.

१२ मे जवळ आला की तुमच्या अंगात बळ येतं. हॉल ठरतो, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार येतो, मेणबत्त्या पेटतात, शपथ होते. मग एक आमदार किंवा नगरसेवक येऊन 'सिस्टर म्हणजे देवदूत' असं सांगून जातात. तुमच्या खांद्यावर शाल पडते. वर्षभर रात्रपाळ्या करणाऱ्या बायकांना एक दिवस कौतुकाचा मिळावा, यात मला काहीच गैर वाटत नाही. माझी तक्रार उरलेल्या वर्षाबद्दल आहे. संघटनेचा वार्षिक अहवाल उघडा. सत्कारांची पानं भरलेली आहेत. सरकारकडे गेलेल्या निवेदनांत पगार, बदल्या, कंत्राटी सिस्टरना कायम करणं हे सगळं आहे, आणि ते असायलाच हवं. मनोविकार परिचारिकेच्या अधिकारांबद्दल मात्र एक ओळ नाही. आणि ज्या आमदाराच्या हातून तुम्ही शाल घेतलीत, त्याच्या हातात एक कागद द्यायचं तुम्हाला सुचलं नाही.

तारखा सांगते, म्हणजे 'आम्हाला वेळच मिळाला नाही' हे उत्तर आधीच बाद होईल. मानसिक आरोग्य सेवेचं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. ते आरोग्याच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं. अशा समित्या लोकांकडून, संस्थांकडून लेखी म्हणणं मागवतात, साक्षी ऐकतात. राज्यसभेने ते ऑगस्ट २०१६ मध्ये मंजूर केलं, लोकसभेने मार्च २०१७ मध्ये. २९ मे २०१८ पासून कायदा लागू झाला. मसुदा मांडल्यापासून मंजूर होईपर्यंत साडेतीन वर्षं मिळाली. त्या काळात आपल्या संघटनेने काय म्हणणं मांडलं, त्याची प्रत मी मागितली होती. 'ते वरचे लोक बघतात' असं उत्तर मिळालं. वरचे कोण, ते सांगायला कोणी तयार नव्हतं. आपल्याकडे वर तुम्हीच होतात, मॅडम.

आता त्या कायद्यात आपल्या वाट्याला काय आलं ते वाचा. व्याख्यांच्या कलमात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' कोण, ते लिहिलंय: मान्यताप्राप्त विशेष पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं एम.फिल., तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह. 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' कोण? समाजकार्यात पदव्युत्तर पदवी, वर तसंच एम.फिल. आणि 'मेंटल हेल्थ नर्स' कोण? जनरल नर्सिंगची पदविका किंवा पदवी असलेली, किंवा मनोविकार परिचर्येची पदविका किंवा पदवी असलेली, आणि राज्य परिषदेत नोंदणी झालेली. म्हणजे ज्या मुलीने शिकताना मनोविकार वॉर्डात काही आठवडे काढले आणि नंतर तिथलं तोंडही पाहिलं नाही, ती आणि एम.एस्सी. करून, पुढे आयुष्य त्याच वॉर्डात घालवलेली सिस्टर, कायद्याच्या नजरेत एकच. जनरल नर्सिंग केलेल्या माझ्या मैत्रिणींचा यात काही दोष नाही, आणि त्यांना बाहेर काढा असंही मी म्हणत नाही. पण एका पंक्तीत बसलेल्या तीन व्यवसायांपैकी दोघांच्या शिक्षणाची कायद्याने कदर केली आणि तिसऱ्याच्या शिक्षणाला किंमत दिली नाही. विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेसाठी वेगळी पायरी लिहून घेता आली असती. त्यासाठी कोणीतरी बसून मसुदा वाचायला हवा होता. तुम्ही वाचला नाहीत.

पुढे या. कलम ७४ मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचं आहे. रुग्णालयात दाखल केलेली व्यक्ती 'मला इथे ठेवू नका' म्हणते, तेव्हा तिचं गाऱ्हाणं ऐकणारं हे मंडळ. त्यात जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाची व्यक्ती, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यवसायी, आणि रुग्ण, त्यांचे काळजीवाहक किंवा स्वयंसेवी संस्था यांच्यातले दोन. परिचारिका नाही. चोवीस तास त्या माणसाजवळ असणारा एकमेव व्यवसाय मंडळावर नाही. तो रात्री झोपला का, जेवला का, घरच्यांचा फोन आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं, गोळी गिळली की जिभेखाली ठेवली, हे सगळं जिच्या वहीत आहे तिला या टेबलावर खुर्ची नाही. रुग्ण आणि काळजीवाहक तिथे आहेत याचा मला आनंद आहे. ते हवेतच. पण आपलं तिथे नसणं हा कोणाचा कट नव्हता. आपण मागितलंच नाही, म्हणून मिळालं नाही.

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मात्र एक जागा आपल्याला आहे: किमान १५ वर्षांचा अनुभव असलेली एक मानसिक आरोग्य परिचारिका, राज्य सरकारने नेमलेली. आपल्या सदस्यांना विचारून बघा, त्या जागेवर आज कोण बसलंय, ती तिथे काय बोलते, तिला बोलण्यासाठी माहिती कोण पुरवतं. मी ज्यांना विचारलं त्यांना अशी जागा असते हेच ठाऊक नव्हतं. संघटनेने त्या जागेसाठी नावं सुचवायला हवी होती. बैठकीआधी चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांतल्या सिस्टरांकडून मुद्दे गोळा करायला हवे होते, आणि बैठकीनंतर काय झालं ते सगळ्यांना कळवायला हवं होतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी: चार फोन. एकट्या येरवड्यात अडीच हजारांवर मंजूर खाटा आहेत. तिथल्या परिचारिकेला जे ठाऊक आहे, ते प्राधिकरणाच्या टेबलापर्यंत पोचवण्याचं काम तुमचं होतं.

आता वॉर्डात या. तुम्ही प्रशासनात गेल्याला बराच काळ झाला, म्हणून आठवण करून देते.

रात्री दोनचा सुमार. तरुण मुलगा, मॅनिया, तीन रात्री झोप नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांच्या अंगावर तो धावून जातोय. वॉर्डात एक सिस्टर, एक अटेंडंट. ड्युटी डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेले, मनोविकारतज्ज्ञ घरी, फोनवर. कलम ९७ सांगतं की माणसाला कोंडून ठेवता येणार नाही. शारीरिकरीत्या जखडायचं तर दोनच अटींवर: समोर दिसणारी इजा टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय उरलेला नसला पाहिजे आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी पाहिजे. ते शिक्षा म्हणून वापरायचं नाही, धाक म्हणून नाही, आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरून तर नाहीच. कारण, पद्धत, कालावधी सगळं लगेच नोंदवायचं. हे कलम सोन्यासारखं आहे. माणसांना साखळ्यांनी बांधून ठेवणाऱ्या देशात ते हवंच होतं. तमिळनाडूत एरवडीला मनोरुग्णांच्या आश्रमात ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, जागच्या जागी जळाली. ते ज्याला आठवतं तो या कलमाविरुद्ध बोलणार नाही.

पण मॅडम, त्या रात्री दोन वाजता 'दुसरा कोणताही उपाय' म्हणजे कोण असतं? ती सिस्टर असते. ती आवाज खाली आणते, अंतर राखते, बाबांना हळूच दुसऱ्या खाटेवर हलवते, मुलाला नावाने हाक मारून पाण्याचा पेला पुढे करते. जखडायची वेळ येऊ न देणं हे शिकून येणारं कसब आहे. ते मनोविकार परिचर्येत शिकवतात. ज्या सिस्टरला ते येतं तिच्या वॉर्डात जखडायचे पट्टे कमी निघतात. तरीही ही सिस्टर तिथे असलीच पाहिजे असा नियम तुम्ही कुठे लिहून घेतलात? प्रत्येक पाळीत किमान एक मनोविकार प्रशिक्षित परिचारिका, एवढी एक ओळ राज्याच्या किमान मानकांत यावी म्हणून तुम्ही कोणाचं दार ठोठावलंत?

आणखी एक प्रसंग, रोजचा. हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन घेतलेल्या मुलाची मान अचानक एका बाजूला वळते, जबडा आवळतो, डोळे वर जातात. आई किंचाळते, तिला वाटतं पोरगं गेलं. सिस्टरला एका नजरेत कळतं की ही औषधाची स्नायू आवळण्याची प्रतिक्रिया आहे, आणि प्रोमेथाझिन दिलं की थोड्या वेळात उतरेल. औषध तिच्या ट्रॉलीत असतं. हात लावायची परवानगी नसते. ती डॉक्टरांना बोलावणारं कॉल बुक पाठवते, फोन लावते, वाट बघते, आणि तेवढा वेळ त्या आईला धरून उभी राहते. जिथे लेखी स्थायी सूचना ठेवल्यात तिथे हे होत नाही. जिथे नाहीत तिथे होतं. अशा ठराविक प्रसंगांसाठी प्रशिक्षित परिचारिकेला ठराविक औषधाचा पहिला डोस देता यावा, असा एक प्रोटोकॉल सगळ्या सरकारी रुग्णालयांसाठी मागणं ही काही क्रांती नव्हती. त्यासाठी चार रुग्णालयांतल्या चार सिस्टरांना एका खोलीत बसवून मसुदा लिहून घ्यायचा होता. तुम्ही खोली बुक केलीत ती सत्कारासाठी.

तुम्ही म्हणाल, औषध लिहिणं हे डॉक्टरांचं काम, आपण त्यात का पडायचं? मनोविकारतज्ज्ञांशी माझं भांडण नाही. ते कमी आहेत आणि दमलेले आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. दहातल्या सात-आठ, काही आजारांत नऊ जणांपर्यंत कोणी पोचलेलंच नाही. त्या घरांतून येणाऱ्या माणसाला डॉक्टर पहिल्यांदा तपासतील, निदान करतील, औषध ठरवतील. पुढे? लिथियम सुरू झालं की रक्तातली पातळी ठरल्या वेळी बघायची, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या करायच्या, उन्हाळ्यात जुलाब लागले तर ताबडतोब काय करायचं ते घरच्यांना शिकवायचं. क्लोझापिन सुरू झालं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या. महिन्याच्या इंजेक्शनला माणूस आला नाही तर त्याच्या घरी जायचं. हे सगळं परिचारिका चालवू शकते, डॉक्टरांच्या लेखी आराखड्यावर, स्वतःच्या सहीने, स्वतःच्या जबाबदारीवर. आज ती हे करते ते 'मदत' म्हणून. चुकलं तर जबाबदारी तिची, जमलं तर नोंद कोणाचीच नाही.

आणि त्या सिस्टरला आपण टिकवतो का? पदांच्या यादीत 'मनोविकृती परिचारिका' हे पद आहे. सरकार पैसे खर्चून सिस्टरला प्रशिक्षणाला पाठवतं. ती परत येते आणि ड्युटी लिस्टमध्ये तिचं नाव सर्जिकल वॉर्डात, नाहीतर ओपीडीच्या केसपेपर खिडकीपाशी लागतं. एम.एस्सी. झालेल्या मुली शिकवायला जातात, कारण रुग्णापाशी राहून बढतीची शिडीच नाही. ज्यांनी वॉर्डात सगळ्यात जास्त शिकावं त्याच वॉर्ड सोडतात. या बदल्यांच्या याद्यांवर सह्या कोणाच्या असतात? बऱ्याच ठिकाणी अधिसेविकांच्या, म्हणजे आपल्याच बायकांच्या. इथे मंत्रालय नाही, डॉक्टर नाहीत, आपणच आहोत. 'सिस्टर कुठेही चालते' हे वाक्य मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. ते वाक्य ज्या दिवशी तुम्ही उच्चारलंत, त्या दिवशी तुम्ही आपल्या व्यवसायाची किंमत स्वतः ठरवलीत.

बाहेर काय झालं तेही थोडं सांगते. अमेरिकेचं कौतुक करायचा हेतू नाही. तिथली व्यवस्था महाग आहे आणि आपल्याला उचलून आणता येणार नाही. पण तिथल्या परिचारिकांनी काय केलं ते शिकण्यासारखं आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या मनोविकार परिचारिकेने १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावर पुस्तक लिहिलं, आणि रुग्णाशी होणारं बोलणं हेच उपचाराचं साधन कसं, ते मांडलं. त्याच दशकात त्यांनी रुटगर्स विद्यापीठात मनोविकार परिचर्येचं पदव्युत्तर क्लिनिकल शिक्षण उभं केलं. १९६५ मध्ये कोलोराडोत लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या परिचारिकेचा, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरचा, पहिला अभ्यासक्रम सुरू केला. एक परिचारिका आणि एक डॉक्टर, मिळून. नंतरची लढाई राज्याराज्यांतल्या विधिमंडळांत झाली. तिथल्या परिचारिका संघटनांच्या सभासद समित्यांपुढे साक्षी द्यायला गेल्या, आपापल्या मतदारसंघातल्या आमदारांना कामाची आकडेवारी दाखवली, विधेयक पडलं तर पुढच्या अधिवेशनात परत आणलं. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये कायदा करून ३,६०० तासांचा अनुभव असलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरबरोबरच्या लेखी कराराच्या बंधनातून सोडवलं. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये तशी वाट उघडली. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत २०१६ च्या अखेरीस बहुतेक अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस परिचारिकांना पूर्ण अधिकार मिळाले. त्याच वर्षी अफूजन्य व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्याची मुभाही कायद्याने दिली. आज निम्म्याहून जास्त राज्यांत सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे तपासते, निदान करते, औषध लिहिते. टेक्साससारख्या राज्यांत अजून डॉक्टरशी करार लागतो, आणि तिथल्या संघटना अजून भांडताहेत. पन्नास-साठ वर्षं त्या थांबल्या नाहीत. आपण अजून पहिलं पत्र लिहिलेलं नाही.

इतकं लांब कशाला जायचं? २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा कायदा आला. त्यातलं कलम ३२ डॉक्टर नसलेल्या सामुदायिक आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देणारं होतं. त्याविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने ३१ जुलै २०१९ ला देशभर चोवीस तासांचा संप केला. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण त्यांनी विधेयक वाचलं, कलम शोधलं, सभासदांना समजावलं आणि रस्त्यावर उतरवलं, हे मानावंच लागेल. आपल्यालाही रस्त्यावर उतरता येतं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा वॉर्डावॉर्डातून सिस्टर बाहेर पडल्या होत्या. ताकद आहे. ती पेन्शनसाठी वापरली, योग्यच केलं. तीच ताकद कामाच्या अधिकारासाठी वापरायची असं कोणी म्हणालं नाही. ते म्हणण्यासाठी आपण तुम्हाला निवडलं होतं.

'आपल्याला राजकारण जमत नाही' हे तुमचं आवडतं वाक्य. मग साधी गोष्ट सांगते. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यांतल्या सात पदवीधर मतदारसंघांच्या. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, पदवीला तीन वर्षं उलटलेली प्रत्येक परिचारिका तिथे मतदार होऊ शकते. त्यासाठी नमुना १८ भरावा लागतो, आणि यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, म्हणून परत भरावा लागतो. या निवडणुकांत नोंदणी करून घेणाऱ्या गटांना उमेदवार घरी येऊन भेटतात. तुम्ही १२ मेच्या हॉलच्या दारात एक टेबल टाकून नमुना १८ ठेवला असता, तर आपल्याला आमदाराची वाट बघावी लागली नसती. आमदार आपली वाट बघत उभे राहिले असते. मग तारांकित प्रश्न विचारून घेता आला असता: मनोविकृती परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रशिक्षित असून दुसऱ्या वॉर्डात काम करणाऱ्या किती? सभागृहात उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर छापलं जातं. पुढची प्रत्येक लढाई त्या छापील उत्तरावर उभी राहते. हिवाळी अधिवेशनाला नागपुरात मोर्चे निघतात, ते त्यानंतरचं काम.

आणि संपर्क. आपल्या संघटनेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर सुप्रभात आहे, वाढदिवस आहेत, बदलीच्या याद्या आहेत. रत्नागिरीच्या सिस्टरने जखडण्याच्या नोंदीसाठी बनवलेला फॉर्म नागपूरच्या सिस्टरला मिळावा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात एकटीच काम करणाऱ्या परिचारिकेला अडलेल्या केसबद्दल रात्री कोणालातरी विचारता यावं, गोव्यात बांबोळीच्या मनोविकार संस्थेतल्या सिस्टर काय वेगळं करतात ते आपल्याला कळावं, यासाठी तो ग्रुप वापरू द्या अशी विनंती मी केली होती. 'फक्त संघटनेच्या सूचना टाकाव्यात' असा निरोप आला. मग आम्ही आमचा वेगळा संपर्क सुरू केला. कोण कुठे, कशात प्रशिक्षित, कोणाकडे कोणता प्रोटोकॉल लिहिलेला आहे, याची यादी आता आमच्याकडे आहे. ती तुमच्या कार्यालयात असायला हवी होती.

कायद्यातल्या दोन गोष्टी मी तुमच्यासाठी मुद्दाम शेवटी ठेवल्यात, कारण त्यांच्यावर अजून काम करता येतं. पहिली: कलम ५५ प्रमाणे राज्य प्राधिकरणाने मानसिक आरोग्य परिचारिकांची नोंदणी करायची आहे, आणि अशी नोंदणी झालेली परिचारिका कायद्याने 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ठरते. कलम ८९ प्रमाणे आधाराची जास्त गरज असलेल्या माणसाला दाखल करताना दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायचं असतं: एक मनोविकारतज्ज्ञ, आणि दुसरा वैद्यकीय व्यवसायी किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक. ती दुसरी सही नोंदणीकृत परिचारिकेची असू शकते. मागितल्याशिवाय मिळालेला हा अधिकार आहे. तो वापरायला शिकवणारी एक कार्यशाळा तुम्ही घेतली नाहीत.

दुसरी: कलम ३१ मध्ये सरकारने लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत नेण्यासाठी प्रयत्न करायचे आहेत, कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते. मनोविकारतज्ज्ञ तेवढ्या वेळात तयार होणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रशिक्षित परिचारिकांची नोंदणी करा, त्यांच्यासाठी बढतीची शिडी तयार करा, त्यांना मर्यादित अधिकार द्या: सरकारला स्वतःचा कायदा पाळायचा तर सगळ्यात जवळची वाट आपल्यातून जाते. वाटाघाटीला याहून चांगली बाजू आपल्याला परत मिळणार नाही. शिवाय २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा झाला, १९४७ चा जुना कायदा मोडीत काढण्याची तरतूद त्यात आहे. नव्या कायद्यातून नियम येतात, राज्यांत यंत्रणा उभ्या राहतात, अभ्यासक्रम बदलतात. अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आधीच आखला होता. मनोविकारासाठी तसाच, औषधांच्या ठराविक यादीसह, मागायची ही वेळ आहे. या वेळीही तुम्ही मेणबत्त्यांची ऑर्डर देत बसलात, तर पुढची तीस वर्षं आपल्या मुली ट्रॉलीतल्या औषधाकडे बघत कॉल बुकाची वाट बघतील.

येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी चार ठराव दिले आहेत. पहिला, राज्य प्राधिकरणावरच्या परिचारिकेच्या जागेसाठी संघटनेने नाव सुचवावं आणि प्रत्येक बैठकीचा वृत्तान्त सभासदांना द्यावा. दुसरा, प्रशिक्षित मनोविकृती परिचारिकेला तिच्या संमतीशिवाय दुसऱ्या विभागात लावू नये आणि प्रत्येक पाळीत एक तरी प्रशिक्षित परिचारिका असावी, म्हणून आरोग्य विभागाकडे मसुद्यासह निवेदन जावं. तिसरा, कलम ५५ खालची नोंदणी सुलभ व्हावी आणि पुनर्विलोकन मंडळावर परिचारिकेला जागा मिळावी यासाठी केंद्राकडे दुरुस्ती मागावी. चौथा, पदवीधर मतदार नोंदणी हे संघटनेचं कायमचं काम करावं. मागच्या सभेत 'वेळेअभावी' विषय पुढे ढकलला गेला, आणि त्यानंतर सत्कार निवांत चालले. या वेळी विषयपत्रिकेत ठराव सत्कारांच्या आधी घ्यावेत अशी लेखी मागणी सोबत आहे, संघटनेच्या घटनेत सांगितलेल्यापेक्षा जास्त सभासदांच्या सह्यांसह.

सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदकाची जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवलेली नाही. ती भरली आहे. तुम्ही फक्त ठराव वाचून दाखवा, मतदान घ्या, आणि विरोधात असाल तर हात वर करून सगळ्यांसमोर सांगा.

— मनोविकार वॉर्डातली एक सिस्टर